गादीमास्तरांची पाठ

गादीमास्तरांनी स्वतःची गादी पुन्हा उसवायला घेतली आणि त्यांच्या बायकोनं, काकूंनी, हातातली खोळ बाजूला ठेवली. एका हिवाळ्यात एका माणसानं आपली गादी उसवायची तरी किती वेळा? आधी कापूस कमी केला. मग वाढवला. मग खाली काथ्याचा थर घातला, तो टोचतो म्हणून काढून टाकला आणि त्याजागी लोकर भरली. दर वेळी नवी गादी घालून मास्तर तिच्यावर आडवे व्हायचे, छताकडे बघत थोडा वेळ पडायचे आणि म्हणायचे, "हां. आता जमलं." सकाळी उठताना मात्र काकूंना खांद्याखाली हात घालून त्यांना बसतं करावं लागायचं.

गल्लीला यात मजा वाटायची. त्यांच्या गाद्या पोचवणारा टेम्पोवाला तर मुद्दाम दारात थांबून म्हणायचा, "काका, न्हाव्याचे केस वाढलेले आणि गादीवाल्याची पाठ धरलेली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच ना?" मास्तरही हसायचे. हसताना एक हात बरगडीवर दाबून धरायचे, ते टेम्पोवाल्याला दिसत नसे. काकूंना दिसे.

मास्तरांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. एका बाजूला कापूस पिंजायचं यंत्र, मधे जमिनीवर पसरलेली खोळ, भिंतीला उभ्या केलेल्या तयार गाद्या, आणि मागच्या दारातून आत गेलं की स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. कापसाची लव सगळीकडे. चहाच्या कपात, रेडिओच्या जाळीत, काकूंच्या भुवयांवर. लग्न होऊन आल्या तेव्हापासून काकू खोळी शिवत होत्या, आणि मास्तर त्या भरून, दाबून, टाके घालून बंद करत होते. मूल झालं नाही. दोघांनी त्याचा फार शोक केला, मग तो करायचं सोडलं, आणि एकमेकांवर खेकसत सुखात राहिले.

या दुकानात एक कायदा होता. सुई पडली की सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. गिऱ्हाईक दारात असो, दूध उतू जाओ. गादीत राहिलेली सुई कधी ना कधी कुणाच्या तरी अंगात जाणार, आणि तसं झालं तर दुकानाला कुलूप लावायचं, असं मास्तर म्हणत. त्यासाठी खिळ्याला एक लोहचुंबक टांगलेलं होतं. आजवर एकही सुई हरवली नव्हती, आणि मास्तरांना याचा एवढा अभिमान होता की पाहुण्यांनाही चहाआधी ते लोहचुंबक दाखवत.

दुसरा अभिमान पाठीचा. म्हणजे लोकांच्या पाठीचा. "पाठीचा दोष नसतो हो, गादीचा असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी कंबर धरून आलं की त्याला नमुन्याच्या गादीवर झोपवायचे, कमरेखाली तळहात सरकवायचे, डोळे मिटून कुठे किती पोकळी राहते ते बघायचे आणि तशी गादी भरून द्यायचे. माणसं महिन्याभरानं येऊन सांगायची, मास्तर, जादू झाली. इतकी की कोपऱ्यावरचे डॉक्टरसुद्धा पाठदुखीचा पेशंट आला की आधी मास्तरांकडे धाडायचे. डॉक्टर स्वतः मास्तरांच्याच गादीवर झोपत, आणि ताप-खोकल्याचं गिऱ्हाईक मास्तर डॉक्टरांकडे पाठवत. दोघांचं मेतकूट चांगलं जमलं होतं.

म्हणून मास्तरांची स्वतःची पाठ दुखायला लागली तेव्हा ती कुणी मनावरच घेतली नाही. डॉक्टरांनी पाठीवर थापटलं. "जन्मभर वाकून बसलात मास्तर, पाठ कधीतरी बोलणारच!" दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. गोळीनं बरं वाटे, गोळी उतरली की परत तेच. मास्तर गोळीही खात आणि गादीही उसवत. मधे काकूंच्या लक्षात आलं की मास्तरांच्या पँटी जमिनीला लागायला लागल्यात. कापड ढिलं पडलं असेल, असं म्हणून त्यांनी सगळ्या पँटी खालून दुमडून शिवून टाकल्या. माणूस आखूड होतोय, हे बायकोच्या डोक्यात यावं तरी कसं?

मग मास्तर थकायला लागले. यंत्र चालू करून खुर्चीत बसून राहायचे. ओठ खोळीच्या अस्तरासारखे पांढरे पडले. रात्रभर पाणी पीत. एका सकाळी खोकला आला आणि बरगडीत कट् असं काहीतरी वाजलं, काकूंनाही ऐकू आलं. त्या दिवशी काकूंनी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं आणि टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टर, आता थापटू नका. तपासा."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. मग आणखी एक तपासणी सांगितली. मग एक दिवस दवाखाना रिकामा झाल्यावर दोघांना बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं. 

"मास्तर, रक्त कमी झालंय, मूत्रपिंडावरही ताण आहे. त्या गोळ्या आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि रक्तात एक प्रोटीन फार वाढलंय. एरवी शरीर नाना तऱ्हेची प्रोटीनं तयार करतं, जंतूंशी लढायला. तुमच्या रक्तात एकाच छापाचं प्रोटीन भरमसाट दिसतंय. म्हणजे ते तयार करणारी एक पेशी बिघडलीय, आणि ती स्वतःच्या नकला काढत सुटलीय, असा संशय आहे. या पेशी हाडाच्या आत राहतात. हाड पोखरतात."

मास्तरांनी गुडघ्यावरची कापसाची लव टिपली. मग म्हणाले, "म्हणजे कसर लागलीय."

"असंच म्हणा. पण खात्री माझ्याकडून होणार नाही. तुम्हाला रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायला हवं. मोठ्या हॉस्पिटलात एक बाई आहेत, मी स्वतः बोललोय त्यांच्याशी. पुढच्या आठवड्याची वेळ दिलीय त्यांनी." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आणि काकू, तुम्हीही ऐका. मधे पाय बधिर वाटले, लटपटले, लघवी अडली, तर तारखेची वाट बघायची नाही. आहे तसं उचलून न्यायचं. मणक्यातून पायांकडे जाणारी दोरी दाबली गेली तर तास-तासाला किंमत असते." मग आवाज खाली आला. "हे मी आधीच करायला हवं होतं. मी तुमच्या पाठीकडे बघतच नव्हतो, मास्तर. तुमच्या धंद्याकडे बघत होतो."

 घरी येऊन दुकानाचं दार उघडताना मास्तर फुटले. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! दुखतेय पाठ, आणि जायचं कुणाकडे, तर रक्तवालीकडे!"

"अहो, ते सांगताहेत ना, रक्तातूनच हाडात..."

"सांगताहेत. त्यांची स्वतःची पाठ कुणी सरळ केली, ते विचार."

काकूंनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात कुठेतरी मास्तरांच्या शब्दाला डॉक्टरांच्या शब्दापेक्षा जास्त वजन होतं. इतक्या लोकांच्या पाठी त्यांनी डोळ्यांनी बऱ्या झालेल्या बघितल्या होत्या. त्यात नणंदबाईंचा फोन आला. "प्रोटीन वाढलंय ना? मग अंडी बंद, दूध बंद, डाळी बंद. खाण्यातून जातंय ते!" काकूंना हे पटलं, कारण हे त्यांच्या हातातलं होतं. स्वयंपाकघर आपलं, तिथून रोग बाहेर काढता येईल, या आशेनं त्यांनी मास्तरांना भाताची पेज आणि उकडलेला भोपळा घालायला सुरुवात केली. आधीच अर्धा झालेला माणूस आणखी उतरला. पुढे हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की या प्रोटीनचा ताटाशी काही संबंध नाही, तेव्हा काकूंना आठवलं, मास्तरांनी एकदा ताट सरकवून किती लहान आवाजात विचारलं होतं, "एक अंडं उकडून देशील का गं?" आणि त्यांनी दिलं नव्हतं.

याच दिवसांत ऑर्डर आली होती. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक आश्रम उघडणार होता, त्यांना खोलीखोलीला गाद्या हव्या होत्या. मास्तरांनी शब्द दिला होता. मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ती रेघ ओढायला त्यांच्याकडे आता फक्त काकूंचे हात आणि स्वतःची मोडकी पाठ उरली होती. बुटक्या स्टुलावर बसून ते टाके घालत. उठताना भिंतीला धरत. हॉस्पिटलच्या तारखेच्या आदल्या दिवशी काकू पिशवी भरायला लागल्या तेव्हा मास्तर सुईतून नजर न काढता म्हणाले, "राहू दे. त्या बाई बाहेरगावी गेल्यात. मला फोन आला होता. पुढची तारीख कळवतील."

"कधी आला फोन?"

"तू भाजीला गेली होतीस तेव्हा."

काकूंना सुटल्यासारखं वाटलं. हेच त्यांना पुढे सगळ्यात जास्त खात राहिलं. सुटल्यासारखं वाटलं! भरलेली पिशवी त्यांनी परत रिकामी केली, टॉवेल जागेवर ठेवला आणि खोळ शिवायला बसल्या.

गाद्या न्यायला टेम्पो यायचा त्या दिवशी सकाळी मास्तर नेहमीपेक्षा आधी स्टुलावर बसले होते. शेवटच्या गादीचा काठ शिवायचा राहिला होता. काकू चहा घेऊन आल्या तर मास्तर आजूबाजूला चाचपडत होते.

"काय झालं?"

"सुई." मास्तरांचा चेहरा उतरला होता. "हातात होती. आता नाही."

काकूंनी कप तिथेच खाली ठेवला. कायदा म्हणजे कायदा. खोळ झटकली. दोऱ्याचं रीळ बघितलं. मास्तरांच्या मांडीवरचं कापड उचललं. सुई नाही. बाहेर टेम्पो पहाटेच येऊन थांबला होता, आधी भरलेल्या गाद्यांचा ढीग त्यात चढवून झालेला होता, आता ही एकच बाकी. टेम्पोवाल्यानं दारातून डोकं घातलं. "काका, निघू या? तिकडे माणसं ताटकळलीत."

"सगळ्या उतरव," मास्तर म्हणाले.

"काय?"

"काल रात्रीपासून जितक्या शिवल्या तितक्या उतरव. सुई कुठल्या गादीत गेली ते मला माहीत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीत शिरली तर?" आणि ते कात्री शोधायला लागले.  हातातली सुई कधी निसटली ते कळू नये, अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि ती आल्याची भीती त्यांच्या डोळ्यांत काकूंना स्वच्छ दिसत होती. आता हा माणूस सगळा माल परत उसवणार, परत शिवणार आणि त्यातच संपणार, असं काकूंना वाटलं. त्या रडकुंडीला आल्या होत्या. पण रडण्याआधी सुई शोधायची, म्हणून त्यांनी खिळ्यावरचं लोहचुंबक काढलं आणि गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत निघाल्या. यंत्राखालून, खोळीच्या कडेनं, स्टुलाच्या पायांभोवती.

स्टुलापाशी त्या थांबल्या. मास्तर अनवाणी बसले होते, डावा पाय थोडा पुढे. टाचेखालच्या पांढऱ्या कापसावर लाल डाग होता. काकूंनी वाकून बघितलं. सुई टाचेत होती. अर्धी आत गेलेली, नेढं बाहेर. त्या नेढ्यात तुटलेल्या दोऱ्याचा तुकडासुद्धा होता.

"अहो," काकू म्हणाल्या. "पाय दुखत नाही?"

"नाही गं. पायाला काय झालंय? तू सुई बघ."

काकूंनी टाच धरली आणि सुई ओढून काढली. रक्ताचा थेंब आला. वर मास्तर कात्रीनं गादीचा काठ उसवतच होते, त्यांनी खाली बघितलंही नाही.

काकूंना जे वाटलं त्याला भीती म्हणणं कमी आहे. आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार? कामाच्या सवयीनं त्यांनी सुई स्वेटरच्या बाहीच्या काठात खोचली आणि मास्तरांच्या हातातून कात्री काढून घेतली. "उभे राहा बघू," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी भिंतीला हात लावला, जोर केला, आणि अर्धवट उठून कापसाच्या ढिगावर कोसळले. पायांनी साथच दिली नाही. ते पायांकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे इथे राहिले असावेत तसे. मग हळूच म्हणाले, "कालपासून जरा जड वाटत होते. मला वाटलं, स्टूल बुटकं आहे म्हणून."

काकूंनी डॉक्टरांना फोन लावला.  डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "लघवीला कधी झाली?" काकूंनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी मान फिरवली. कालपासून झालीच नव्हती.

"बसवू नका, चालवू नका, सपाट झोपवून सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. मी बाईंना फोन करतो, त्या तिथेच भेटतील."

"त्या आल्या का बाहेरगावहून?"

 "कुठल्या बाहेरगावहून? त्या कुठेच गेल्या नव्हत्या, काकू. मला वाटलं तुम्ही तारखेला जाऊन आलात. मी... मी विचारायला हवं होतं."

काकूंनी फोन ठेवला. मास्तर जमिनीवरून त्यांच्याकडेच बघत होते. शाळेत चोरी पकडली गेलेल्या पोराचं तोंड असतं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

बोलायला वेळ नव्हता. टेम्पोवाल्यानं एव्हाना सगळं ऐकलं होतं. त्यानं गाद्या भराभर उतरवून दुकानाबाहेर रचल्या, एक तेवढी टेम्पोत सपाट पसरली, आणि त्यानं, शेजारच्या इस्त्रीवाल्यानं आणि काकूंनी मिळून मास्तरांना चादरीच्या झोळीत धरून तिच्यावर ठेवलं. एरवी चेष्टा केल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. "सावकाश चालवतो, काकू," आज एवढंच म्हणाला.

टेम्पोत काकू मास्तरांच्या उशाशी बसल्या. दुकानं, खांब, दुसऱ्यांच्या खिडक्या मागे मागे जात होत्या. काकूंना राग आला होता, इतका की मास्तरांना गदागदा हलवावं आणि विचारावं. पण हलवायचं नव्हतं. म्हणून त्यांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि तसंच विचारलं.

"का खोटं बोललात?"

"शब्द दिला होता आश्रमाला."

"आणि मला काय दिलं होतंत?"

मास्तर वर आभाळाकडे बघत होते. टेम्पो खड्ड्यातून गेला, काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "घाबरलो होतो गं. तिथे गेलो असतो तर ती बाई म्हणाली असती, याला गादीनं काही होत नाही. मग इतकी वर्षं मी लोकांना काय विकत होतो?"

"अहो, त्यांची पाठ वेगळी होती. त्यांना गादीच हवी होती."

"हो ना," मास्तर म्हणाले. "मलाच काय ते ओळखता आलं नाही." आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानात गेलं. काकूंनी ते बाहीनं पुसलं, सुई टोचणार नाही अशा बाहीनं.

रक्ताच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, बोलायला सरळ. तपासण्या, फोटो, इंजेक्शनं, सगळं त्यांनी दिवस मावळायच्या आत सुरू केलं. पोखरलेला मणका खचला होता आणि आतली दोरी दाबली गेली होती. "रोगावर औषध आहे," त्या काकूंना बाहेर बाकावर बसवून म्हणाल्या. "पूर्ण जात नाही, पण दाबून ठेवता येतो, वर्षानुवर्षं. पायांचं मात्र मला सांगता येणार नाही. दाब लवकर निघाला तर पाय परत येतात. उशीर झाला तर येतीलच असं नाही."

"त्या तारखेला आलो असतो तर?"

 डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या भुवईवर अडकलेली कापसाची लव बोटानं काढली. "तर ते चालत आले असते," त्या म्हणाल्या.

खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं, असं काकूंना वाटलं. मग वाटलं, नको, घरात एक खोटं बोलणारा पुरे आहे.

त्यानंतर रोज सकाळी डॉक्टरीणबाई येत आणि मास्तरांना डोळे मिटायला सांगून पायांवर टोकदार पिन टेकवत जात. अंगठा, पाऊल, घोटा, पोटरी, गुडघा. "टोचतंय?" "नाही." "इथे?" "नाही." मास्तर त्यांच्याशी खरं बोलत. आता लपवून काही उपयोग नाही हे त्यांना कळलं होतं. काकूंना ते बघवत नसे. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहत आणि कान मागे ठेवत. सबंध संसारात त्या या माणसाला विचारत आल्या होत्या, दुखतंय का हो, आणि त्यानं "नाही" म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडे. आता त्या खिडकीचा गज धरून मनात म्हणत, म्हणा, दुखतंय म्हणा, एकदा तरी ओरडा. मागून "नाही" येई. पुन्हा "नाही". पिन कमरेवर आली की मग "हो". मग डॉक्टरीणबाई काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे जात.

पाठीचं दुखणं औषधांनी कमी झालं. मास्तर दूध प्यायला लागले, उकडलेली अंडी खायला लागले. काकू रोज दोन सोलून आणत. टेम्पोवाला येऊन गेला, गाद्या पोचल्याचं सांगून गेला. काकूंच्या शेजारणींनी बसून तो शेवटचा काठ शिवला होता म्हणे. मास्तरांनी विचारलं, "टाके कसे घातले?" टेम्पोवाला म्हणाला, "वाकडे." मास्तरांना बरं वाटलं.

एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस तपासणीला गेला होता. काकू स्वेटरची बाही दुमडत होत्या आणि काठात काहीतरी हाताला लागलं. ती सुई. त्या दिवसापासून तिथेच होती. स्वेटर हॉस्पिटलात टांगलेला, कुणी बघितलाच नव्हता.

काकू सुईकडे बघत राहिल्या. डॉक्टरीणबाईंची पिन ती पिन, ती परकी. आपल्या हाताची सुई त्यांना कळेल, असं काहीतरी वेड काकूंच्या डोक्यात शिरलं. माणूस हताश झाला की कशाकशावर विश्वास ठेवतो, त्याला काही ताळतंत्र नसतो. त्यांनी दाराकडे बघितलं, पायांवरची चादर वर सरकवली.

"अहो, डोळे मिटा."

"का गं?"

"मिटा म्हणते ना."

मास्तरांनी डोळे मिटले. ते काय समजायचं ते समजले होते, कारण त्यांचे ओठ घट्ट झाले. काकू खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. सुई हातात होती. त्याच टाचेवर बारीक खपली होती, ती बघितली आणि काकूंचा हात पुढे होईना. टोचलं आणि परत "नाही" आलं तर?  सुई पायापासून लांबच होती, हवेत.

"हां, टोचलं," मास्तर म्हणाले.

काकू हलल्या नाहीत.

"टोचलं गं," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, आणि चेहरासुद्धा थोडा वाकडा केला, दुखल्यासारखा. "डाव्या टाचेला. चांगलं दुखलं."

काकूंनी सुई परत बाहीच्या काठात खोचली. चादर खाली ओढून दोन्ही पायांवर नीट पसरली, सुरकुती राहू नये म्हणून तळहातानं दाबली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "उद्या सांगू डॉक्टरीणबाईंना."